विषय तहकूब

आम्ही उठलो आणि शिपायानं आमच्या खुर्च्या पुसल्या.

आधी कोरड्या फडक्यानं. मग नगरसेविका बाईंनी पर्समधून सॅनिटायझरची बाटली काढून दिली, ती फवारून परत एकदा. बसायची जागा, पाठ, हात टेकायचे दांडे. सगळं सभागृह बघत होतं. कुणी हसलं नाही. पुसून झाल्यावर त्या खुर्च्यांवर कुणी बसलंसुद्धा नाही. रिकाम्याच राहिल्या.

शिपाई आमच्याच गल्लीतला. माझ्या लग्नात पंगतीला वाढलेला माणूस. त्यानं मान वर केली नाही.

सोलापूरपासून तासाभरावरचं आमचं शहर. मी आणि अक्का, आम्ही दोघी तिथल्या नगरपालिकेत झाडूवाल्या. म्हणजे काम पालिकेचं, आम्ही मात्र ठेकेदाराच्या. हातमोजे आणि बूट मिळावेत, ते देणं सक्तीचं व्हावं, एवढा आमचा अर्ज होता. तो सर्वसाधारण सभेत विषय म्हणून आला. दोघींनी येऊन म्हणणं मांडावं, असा निरोप आला. अक्काला लिहितावाचता येत नव्हतं. मी सातवी झालेली. अर्ज मी वाचायचा ठरलं होतं.

सकाळपासून थांबलो होतो. अक्काचे गुडघे दुखत होते. क्लार्क म्हणाला, "बसा की तितं मागं." म्हणून बसलो. तेवढ्यात बाई आल्या, आमच्याजवळ थबकल्या आणि अध्यक्षांकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना इथं कुणी बसवलं?"

एवढंच. "उठा" असंसुद्धा आम्हाला कुणी म्हणालं नाही. आम्ही आपल्या आपणच उठलो. आपल्या आपणच उठलो, हे मला आजही खातं.

माझे कान तापले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं.

"बिडु तंगी," ती म्हणाली. "सोड. खुर्ची मागायला आलोय का आपण? मोजं मागायला आलोय."

अक्का अक्कलकोटकडची. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मी तिची कुणी नव्हते. नवरा गेल्यावर मी कामाला लागले, तेव्हा झाडू कसा धरायचा इथपासून तिनं शिकवलं. कंबर कुठं वाकवायची, वास आला तर कसा श्वास घ्यायचा, मुकादम अंगचटीला आला तर किती मोठ्यानं ओरडायचं. माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपणसुद्धा तिनंच केलं.

आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो. विषय सुरू झाले. बागेत कारंजं बसवायचं. मंजूर. सभागृहाला नवीन पडदे. मंजूर. एका श्वासात मंजूर. मग उपविधी आला. सकाळी सातच्या आत गल्ली झाडून झाली नाही तर त्या कामगाराचा दिवसाचा खाडा धरायचा. मंजूर, मंजूर, सगळ्या बाजूंनी. मी अर्जाची घडी उघडत होते, मिटत होते. कागद घामानं ओला झाला.

आमचा विषय आला. मी एक पाऊल पुढं टाकलं. मुख्याधिकारी साहेब कागदातून वर न बघता म्हणाले, "हे कर्मचारी ठेकेदाराचे आहेत. पालिकेवर बंधन येत नाही."

एक नगरसेवक मागं रेलून म्हणाले, "आणि ह्यांच्या हाताला सवय असते हो. मोजे दिले तर काम करता येत नाही ह्यांना."

आता मात्र हसले. सगळे.

"विषय तहकूब," अध्यक्ष म्हणाले.

तहकूब म्हणजे काय, ते अक्कानं बाहेर आल्यावर विचारलं. मी म्हणाले, "पुढच्या सभेला."

"मग हाय की," ती म्हणाली. "न्हाय तर म्हणाले न्हाईत ना?"

तिला आनंद झाला होता. खरंच झाला होता.

पुढच्या सभेच्या आत तिचा हात कापला. आठवडी बाजारामागची गटार तुंबली होती. अक्कानं कोपरापर्यंत हात घातला आणि आत फुटकी बाटली होती. तळहात उघडा पडला. मी पदर फाडून बांधला. मुकादमाला म्हणाले, हिला दवाखान्यात नेते. तो म्हणाला, "ने की. दोगींचा खाडा लागंल. सात वाजायला आलेत."

अक्का म्हणाली, "जाऊ की दुपारी." आणि डाव्या हातानं काम करायला लागली.

दुपारी तिनं हळद भरली. दुसऱ्या दिवशी परत कामावर. तिसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत सुजला, अंग भाजायला लागलं. तेव्हा आम्ही तिला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. डॉक्टरीण बाईनं हात बघितला आणि माझ्याकडं बघितलं. "इतके दिवस काय करत होता?" मी काय सांगणार? झाडत होतो.

शेवटच्या दुपारी अक्का तापात बोलायला लागली. तिला वाटत होतं, आम्ही अजून त्या सभागृहात भिंतीला टेकून उभ्या आहोत. माझा हात चाचपून म्हणाली, "तंगी, आपला नंबर आला का गं?"

मी म्हणाले, "व्हय अक्का. आला."

"वाचलास?"

"वाचला."

"काय म्हणाले?"

"मंजूर म्हणाले."

ती हसली. "बघ," म्हणाली. "खुर्चीवरनं भांडली असतीस तर गेलं असतं की सगळं."

तिनं डोळे मिटले. मी तिथंच बसून होते. जिनं मला कधी खोटं शिकवलं नाही, तिला मी खोटं सांगून पाठवलं. दुसरं देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

पुढची सभा आली. मी सुट्टी टाकून गेले, वर प्रेक्षकांच्या बाकावर बसले. सभेचा पहिला विषय दुखवट्याचा असतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच गेले होते. एका माजी नगरसेवकाचं नाव वाचलं. एका सदस्याच्या सासूबाईंचं. एका व्यापाऱ्याचं. सगळे उभे राहिले. मीही उभी राहिले. मी वाट बघत होते. अजून एक नाव येईल, आता येईल.

"सर्वांनी बसून घ्यावं."

सगळे बसले. मी उभीच राहिले.

"एक नाव ऱ्हायलं," मी म्हणाले.

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी अक्काचं नाव घेतलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. वीस वर्षं हेच शहर झाडलं म्हणून सांगितलं.

बाई म्हणाल्या, "कोण आहे ही?"

मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "त्या ठेकेदाराच्या होत्या. आपल्या नोंदीत येत नाहीत."

"गटार कुणाची व्हती साहेब?" मी विचारलं. "ती येती का नोंदीत?"

शिपाई वर आला. "वैनी, चला," हळू म्हणाला. त्याचा हात माझ्या दंडाकडं आला. मी त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, "हात लावू नकोस. माझ्या पायानं जाते. पण बोलून जाते." आणि कनवटीला विरत गेलेला तो अर्ज मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अध्यक्ष घंटी वाजवत होते. मी वाचत होते.

संध्याकाळी अध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "हुशार आहात तुम्ही," म्हणाले. "तुम्हाला मुकादम करायला सांगतो. झेंडावंदनाला सत्कारही करू, साडीचोळी देऊ. तो अर्ज तेवढा मागं घ्या."

मी चहाला शिवले नाही. म्हणाले, "साहेब, मुकादम होऊन अक्कावानीच दुसरीला गटारीत घालू व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला मी बायकांना सगळं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. अक्काला मी खोटं सांगितलं तेही.  मग एकेकीनं झाडू भिंतीला लावला. मुकादम खाड्याच्या धमक्या देत राहिला.

आठवडाभरानं मोजे आले. पातळ प्लॅस्टिकचे, मिठाईच्या दुकानात पेढे उचलायला घालतात तसले. पहिल्याच दिवशी फाटले. आम्ही ते गोळा केले आणि गटारीच्या गाळासकट मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. त्याच दिवशी माझं नाव हजेरीतून उडवलं. आता मी घरी विड्या वळते. विषय अजून तहकूबच आहे.

अक्का परत येणार नाही. तिच्या नावाचा ठराव झाला तरी येणार नाही, हे मला कळतं. पण उघड्या हातानं ह्या शहराच्या गटारीत आता आमच्यातली एकही बाई उतरणार नाही. मला काढलं, अजून ज्यांना काढायचं त्यांना काढा. नव्या बाया आणल्या तर त्यांच्या दारात जाऊन मी बसेन, अक्काचा हात कसा सुजला ते सांगेन. शहराला वास सुटला तर सुटू दे. तो वास आमचा नाही.