पान एकशे बारावरची फाशी

अर्लकाकांच्या पणजोबांना मी पान एकशे बारावर फाशी दिली, आणि ती ऐकायला अर्लकाकांनाच शाल-श्रीफळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं.

अर्लकाका म्हणजे इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतले आमचे शेजारी. बायको गेलेली, मूलबाळ नाही. दर शनिवारी आमच्या पॅटिओवर माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या हातचा आल्याचा चहा प्यायचे आणि पणजोबांची तीच गोष्ट सांगायचे. पणजोबा टोबायस हे गुरांचे कळप उत्तरेला हाकत नेणाऱ्या टोळीतले आचारी. वाटेत एक गुराखी तापाने फणफणला. मालक म्हणाला, सोडा याला इथेच. सगळे निघून गेले, टोबायस तेवढे थांबले. त्याला पेज भरवून उभं केलं, खेचरावर घातलं आणि त्याच्या आईच्या दारात नेऊन उतरवलं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. अर्लकाकांच्या डोक्यात होतं, तेवढंच.

"तू लिही," ते एकदा म्हणाले. "माझ्यामागे हे कुणालाच ठाऊक राहणार नाही. नाव मात्र खरं ठेव."

मी एका पायावर तयार! (नागपुरात असताना एका दिवाळी अंकात माझे दोन विनोद छापून आले होते. म्हणजे मी लेखकच की!) पण लिहायला बसलो आणि घोडं अडलं.

"मंजू, वेस्टर्न कादंबरीचा हीरो काय पेज ढवळत बसणार? आचाऱ्यावरचं पुस्तक कोण विकत घेणार?"

"मग कुणावरचं घेणार?"

"दरोडेखोरावरचं!"

"अरे, पण ते दरोडेखोर नव्हते ना!"

"याला क्रिएटिव्ह लिबर्टी म्हणतात."

"आमच्याकडे याला बदनामी म्हणतात," असं म्हणून तिने चहा गाळायला घेतला.

पण माझ्या अंगात लेखक संचारला होता. पान चाळीसवर टोबायसने घोडा चोरला, सत्तरवर अख्खा कळप! आजारी गुराखी कापून टाकला, कारण त्याच्यामुळे कथेचा वेग मंदावत होता. शेवटी फाशी. नाव मात्र खरंच ठेवलं. शब्द दिला होता ना!

छापायला कुणी तयार होईना, म्हणून मीच प्रकाशक, मीच संपादक. मुखपृष्ठावरचा पिस्तूल धरलेला हातसुद्धा माझाच! (पिस्तूल आमच्या लेकीचं, ईराचं; पाण्याचं.) मग मराठी मंडळात प्रकाशन सोहळा ठरला आणि प्रमुख पाहुणे म्हणून अर्लकाकांना बोलवायची अक्कल मलाच सुचली. त्यांना कुठे मराठी कळतंय, हा हिशेब. बिचारे इस्त्रीचा सूट घालून, हॅट हातात धरून आले. शाल पांघरली, नारळ मांडीवर घेतला. शेजारी बारा वर्षांची ईरा. "जमेल तेवढं सांग त्यांना," मी तिला म्हणालो होतो. ही आईवर गेली आहे, हे मी विसरलो.

मी शेवटचं प्रकरण अगदी आवाज चढवून वाचलं. टाळ्या थांबल्या आणि पहिल्या रांगेतून ईराचा खणखणीत आवाज आला.

"बाबा, ही इज आस्किंग, व्हेअर इज द सिक मॅन?"

"तो... कट केला," मी माइकवरच बोलून गेलो.

अर्लकाका नारळावरून नुसता हात फिरवत राहिले. त्यांना घरी सोडताना मी म्हणालो, "काका, दुसऱ्या आवृत्तीत सगळं खरं लिहितो!"

"मी वाट बघतो," ते म्हणाले.

आणि खरंच बघत राहिले हो! मी मात्र आधी ऑफिसातला सॉफ्टवेअरचा रिलीज, मग इंडिया ट्रिप, मग किचनचं रीमॉडेलिंग, असं करत दोन वर्षं घालवली. शनिवारी चहाला यायचे, पण विचारायचे नाहीत. पुढे चहा विसरायला लागले, मग शनिवारही. शेवटी भाचीने त्यांना केअर होममध्ये ठेवलं. तेव्हा कुठे मी खडबडून जागा झालो आणि दोन महिन्यांत इंग्रजीतून सगळं नव्याने लिहून काढलं. आचारी, ताप, पेज, खेचर. पिस्तूल कुठेच नाही.

पुस्तक घेऊन धावत गेलो. अर्लकाका नर्सला सांगत होते, "माझे पणजोबा नामी दरोडेखोर! फासावर गेले!" उशाशी माझी पहिली आवृत्ती; त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण मुखपृष्ठावरचं पिस्तूल कळत होतं. ती एक खरी गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तिथेही मी माझी थाप नेऊन बसवली होती.

मी खुर्ची ओढली आणि नवं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. गुराखी आईच्या दारात उतरला तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"भला माणूस होता," ते म्हणाले. "कोण हा?"

"काका, तुमचे पणजोबा!"

"छे! ते तर दरोडेखोर." मग माझा हात थोपटत, माझी कीव आल्यासारखं म्हणाले, "छान लिहिलंयस. पण बाळा, आचाऱ्यावरचं पुस्तक कोण विकत घेणार?"