खंडेनवमीचं गाठोडं

डॉक्टर पुरुषोत्तम देशमान्यांचे वडील करमाळ्यात तेलाचा घाणा चालवायचे, ही गोष्ट अख्ख्या इंग्लंडात दोघांनाच ठाऊक होती. त्यांच्या बायकोला, सुप्रभाताईंना, आणि डेनिस नावाच्या एका इंग्रज म्हाताऱ्याला. बाकी सगळ्यांपुढे डॉक्टरांनी हा विषय असा गिळून टाकला होता, की विचारू नका. गणपतीला लंडनमधल्या ईलिंगच्या हॉलमध्ये मंडळी जमली, की कुणाचे आजोबा वकील, कुणाचे पणजोबा मामलेदार, अशी उजळणी व्हायची. "देशमाने, तुमच्याकडे काय होतं हो?" असं कुणी विचारलं, की डॉक्टर "बिझनेस" म्हणायचे आणि मसालेभाताकडे वळायचे. यात लाजण्यासारखं काय होतं? काही नाही. पण शाळेत पोरं "तेलकट" म्हणून चिडवायची, ते त्यांच्या मनातून साठ वर्षांत गेलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये भूल देण्यात उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर नवराबायको केंब्रिजच्या उत्तरेला एका नदीकाठच्या गावात राहायला गेले. मुलगा अनुप लंडनलाच, पिनर भागात. तो म्हणाला, "बाबा, तिथे करणार काय तुम्ही? आल्याच्या चहालाही कंपनी मिळायची नाही." पण सुप्रभाताईंना बाग हवी होती. गावाच्या टोकाला ओढ्यावर एक जुनी गिरणी होती. डॉक्टरांना वाटलं, पिठाची असेल. एका शनिवारी सहज आत डोकावले, आणि दारातच थबकले. वास आला. तेलाचा.

आत दोन दगडी चाकं उभी होती, माणसाच्या छातीएवढी उंच, एका गोल दगडी ओट्यावर एकामागून एक फिरणारी. त्यांच्याखाली जवस भरडलं जायचं. तो भरडा लोखंडी कढईत गरम करायचा, लोकरीच्या पिशव्यांत भरायचा आणि प्रेसमध्ये ठेवायचा. प्रेस म्हणजे लाकडाचं एक भलंमोठं खोडच, मधोमध कोरलेलं. पिशव्यांच्या शेजारी पाचर ठोकलेली आणि पाचरीच्या डोक्यावर लाकडी मुसळ. ओढ्याच्या पाण्यावर बाहेरचं चाक फिरलं, की मुसळ वर जायचं आणि धाडकन खाली आदळायचं. दर दणक्याला पाचर आत घुसायची आणि खालून तेलाची धार लागायची. दोनशे वर्षांपूर्वी हे असंच चालत होतं. आता महिन्यातून दोनदा, शाळेच्या मुलांना दाखवायला चालायचं.

"अरे, हा तर घाणाच की!" डॉक्टर चक्क मराठीत ओरडले.

चाकामागून एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. तो डेनिस. जन्मभर नावा बांधणारा सुतार, आणि या गिरणीचा बिनपगारी राखणदार. काय म्हणालात, असं त्यानं विचारलं. आणि काय झालं कोण जाणे, डॉक्टरांनी सगळं सांगून टाकलं. डोळ्यांना झापडं बांधलेला बैल, त्याच्यामागे फिरणारी घाण्याची लाकडी लाट, भुईमुगाची ताजी पेंड, पहाटे वडिलांच्या अंगाला येणारा वास, शाळेतलं ते चिडवणं, सगळं. डेनिसनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी हात पुसून पुढे केला आणि म्हणाला, "मग तू आमच्यातलाच, डॉक."

झालं! तेव्हापासून डॉक्टरांचा शनिवार गिरणीत. तेलानं माखून घरी यायचे आणि सुप्रभाताई दारातच ओरडायच्या, "अहो, कपडे बाहेर काढा आधी!" पण मनातून बाईंना बरं वाटायचं. इतकी वर्षं हा माणूस एवढा मोकळा हसलेला त्यांनी पाहिला नव्हता.

डेनिस तसा मवाळ. एकाच बाबतीत कडक होता, चिंध्यांच्या. जवसाचं तेल वाळताना तापतं. तेलात भिजलेल्या चिंध्या एका जागी कोंबून ठेवल्या, की आतल्या आत तापत जातात आणि काडी न ओढता पेटतात. म्हणून पुसून झालं, की प्रत्येक चिंधी बाहेर कुंपणावर सुटी पसरायची. गोळा करायचा नाही, कोपऱ्यात टाकायची नाही. शाळेची मुलं आली, की डेनिस हे सगळ्यात आधी सांगायचा. त्याचा आवाज बसला की डॉक्टर सांगायचे. डॉक्टरांना ते तोंडपाठ होतं, हे ध्यानात ठेवा.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांच्या मनात आलं, खंडेनवमीला गिरणीची पूजा करावी. करमाळ्याला त्या दिवशी घाणा बंद असायचा. बैलाला सुटी. वडील घाणा धुऊनपुसून तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायचे. वर्षभर तू आमच्यासाठी राबलास, आज तू बस, असा सगळा प्रकार. डेनिसला हे इतकं आवडलं, की त्यानं आपल्या बागेतले उरलेसुरले झेंडू आणून दिले. एकच अट घातली, आत ज्योत पेटवायची नाही. डॉक्टरांनी बॅटरीचा दिवा आणला. सुप्रभाताईंनी आपली एक जुनी सुती साडी पुसायला दिली. हसत म्हणाल्या, "गिरणीबाईला माझ्याकडून."

सकाळी पूजा छान झाली. डेनिसची बायको ग्वेनसुद्धा आली, नारळाचा प्रसाद खाल्ला, कुंकू लावून घेतलं. सुप्रभाताईंनी फोटो काढले. मग बायका घरी गेल्या. डेनिस ओढ्याचं पाणी चाकाकडे सोडणारं दार बंद करायला बाहेर गेला. आत डॉक्टर एकटे उरले, आणि समोर जवसाच्या तेलानं निथळणाऱ्या साडीच्या चिंध्या.

आता बघा हं. रोजच्या चिंध्या असत्या, तर त्यांनी डोळे झाकून कुंपणावर नेऊन टाकल्या असत्या. पण या पूजेच्या होत्या. खंडेनवमीला घाणा पुसलेलं फडकं वडील बाहेर टाकत नसत. ते कोऱ्या कापडात बांधून घाण्याच्या बुडाशी ठेवायचं आणि दिवाळीत त्याचा काकडा करायचा, पहिला दिवा त्यानं लावायचा. लक्ष्मी ती, कुंपणावर वाळत घालायची का? डॉक्टरांनी चिंध्या गोळा केल्या, साडीच्या पदरात घट्ट बांधल्या, गाठोडं प्रेसच्या खाली सारलं आणि नमस्कार केला. वडिलांचे हात आठवले, डोळे भरून आले. भुईमुगाचं तेल असं पेटत नाही आणि हे भुईमुगाचं नाही, हे त्या क्षणी त्यांच्या डोक्यातही आलं नाही. मग ते घरी गेले आणि श्रीखंडपुरी जेवून आडवे झाले.

दुपार कलताना सायरन ऐकू आले. डॉक्टर पोचले तेव्हा छपरातून धूर निघत होता आणि डेनिसला अँब्युलन्समध्ये चढवत होते. धूर दिसताच तो प्रेस वाचवायला आत घुसला होता. बादल्या ओतत राहिला. ग्वेन दारातून हाका मारत होती तरी बाहेर आला नाही. मुसळ कोसळलं तेव्हा कसाबसा रांगत आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटायला गेले तेव्हा डेनिसच्या घशात नळी होती. जन्मभर ज्यांनी अशा नळ्या घातल्या, त्यांना कुणी काही सांगायची गरज नव्हती. मॉनिटर पाहिला, छातीची हालचाल पाहिली आणि कळलं, हा आता बोलणार नाही. ते पलंगाशी उभं राहून "डेनिस, डेनिस" म्हणत राहिले. आठवड्याच्या आत तो गेला.

इकडे गावात कुजबुज सुरू. त्या इंडियन डॉक्टरनं पूजा केली म्हणे. दिवे लावले म्हणे. पबमध्ये कुणीतरी मोठ्यानं बोललं आणि ते अनुपच्या कानावर गेलं. पोरगा भडकला! "बाबा, this is plain racism! मी सोडणार नाही यांना." त्यानं बॅटरीच्या दिव्याचा फोटो लोकल पेपरला दिला, कौन्सिलला दिला. फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यानं डॉक्टरांना विचारलं, "तुम्ही काही पेटवलंत?" डॉक्टर म्हणाले, "नाही." खोटं होतं का ते? नव्हतं. म्हणून तर त्यांना ते बोलता आलं.

घरी सुप्रभाताईंनी एकच प्रश्न विचारला. "अहो, माझ्या साडीच्या चिंध्या कुंपणावरच घातल्या होत्या ना?"

डॉक्टर वर न बघता पेपरची घडी घालत राहिले. बाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मग एके दिवशी ग्वेनच घरी आली. अँब्युलन्समध्ये, नळी घालायच्या आधी, डेनिस तिच्याशी बोलला होता. तिनं ते अधिकाऱ्याला सांगितलं होतं आणि चौकशी तिथेच संपली होती. डेनिस म्हणाला होता, चिंध्या माझ्या. मी प्रेसखाली ठेवल्या आणि विसरलो.

आगीत शिरल्यावर डेनिसनं ते गाठोडं पाहिलं असणार. साडी ओळखली असणार. आणि श्वास पुरत नव्हता तरी मित्राला वाचवायला तो खोटं बोलला होता.

"डॉक, तूच सांग," ग्वेन रडत म्हणाली, "चिंध्यांच्या बाबतीत डेनिस? तो कधी विसरेल?"

आणि आमचे डॉक्टर, देवमाणूस म्हणून वॉर्डात ज्यांचं नाव घ्यायचे, ते काय म्हणाले? "वय झालं होतं, ग्वेन." अरेरे! जीभ झडली असती तर बरं झालं असतं. स्वतःच्या कानांनी त्यांनी स्वतःला ते बोलताना ऐकलं.

हिवाळाभर ते शब्द त्यांना खात राहिले. जेवण तुटलं. अनुप फोनवर सांगायचा, "बाबा, तुमचं नाव क्लियर झालंय, आता move on." पण नाव क्लियर झालं होतं ते डेनिसच्या जिवावर. गावानं डेनिसचा हिशोब करून टाकला होता. बिचारा, थकला होता, गिरणीची चावी वेळीच काढून घ्यायला हवी होती त्याच्याकडून, दोनशे वर्षांची गिरणी घालवली. जळक्या जागेवर नवी शेड उभी करून उरलेली दगडी चाकं तिथे ठेवायची, असं ठरत होतं. शेडला डेनिसचं नाव द्यावं, एवढीच ग्वेनची इच्छा होती. आणि लोक तोंडावर हळहळत होते आणि मागे म्हणत होते, ज्यानं जाळली त्याचं नाव कसं देणार?

मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये मीटिंग ठरली. डॉक्टर कोट घालू लागले तेव्हा सुप्रभाताईंनी विचारलं, "सांगणार आहात?"

"सांगणार."

"मग मीही येते. साडी माझी होती." त्यांनी शाल घेतली आणि त्या पुढे चालू लागल्या.

हॉल भरला होता. नावाचा विषय निघाला तसा एक जण उठून म्हणाला, डेनिसबद्दल आदर आहे, पण मुलांना आपण काय शिकवणार? कुणी वर पाहीना. ग्वेन पहिल्या रांगेत ताठ बसली होती. तेवढ्यात डॉक्टर उभे राहिले.

त्यांनी काही म्हणता काही लपवलं नाही. साडी, गाठोडं, प्रेसची खालची जागा, वडिलांचा घाणा, दिवाळीचा काकडा. ज्या घाण्याबद्दल ईलिंगात कधी अवाक्षर काढलं नाही, तो भर सभेत मांडला. म्हणाले, "डेनिस विसरला नव्हता. मी विसरलो. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं. गिरणी मी जाळली, आणि डेनिस माझ्यामुळे गेला. शेडला त्याचं नाव द्या."

सभेच्या अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "असा मित्र सगळ्यांना मिळो."

डॉक्टरांना कळेना. "नाही, नाही. हे खरं आहे."

"डेनिसनं स्वतः कबूल केलंय, डॉक्टर. शेवटच्या श्वासाला माणूस खोटं बोलत नाही. आणि आम्ही आधीच तुमच्यावर नको तो संशय घेतला. आता तुम्ही त्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला निघालात. आम्ही ते होऊ देणार नाही."

"माझी साडी होती ती!" सुप्रभाताई उठून म्हणाल्या. "यांनी बांधली. मी विचारलं तेव्हा गप्प बसले हे!"

शेजारच्या बाईनं त्यांचा हात प्रेमानं दाबला आणि त्यांना खाली बसवलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. पबमध्ये बोलणारा तो माणूससुद्धा उभा राहून टाळ्या वाजवू लागला, डोळे ओले करून. डॉक्टर हात हलवत "प्लीज, प्लीज" म्हणत होते, आणि तो त्यांचा विनय आहे असं समजून लोक आणखी जोरात वाजवत होते.

मतदान झालं. शेडला गावाचं नाव द्यायचं ठरलं. दारात एक पाटी लावायची, चिंध्यांबद्दलची, की अनुभवी माणूसही एकदा विसरला तर काय होतं ते मुलांना कळावं. आणि ती गोष्ट मुलांना सांगायला डॉक्टरांइतकं योग्य कोण? डेनिसचे जिवलग मित्र. सगळ्यांनी मान डोलावली.

चहा सुरू झाला. लोक येऊन डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून जात होते. गर्दी सरली तेव्हा ग्वेन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"यांचं जाऊ दे," ती हळू म्हणाली. "माझा विश्वास बसला तुझ्यावर."

डॉक्टरांनी तिच्यापुढे हात केला. ग्वेननं तो पाहिला, कोटाची बटणं लावली आणि ती दाराकडे चालू लागली.