पाचवं काऊन

“हिच्याकडून शिका. हिच्या घरी रोजच माशाचा काटा असतो. फक्त जेवायच्या सुट्टीत हिला खिडकीजवळ बसवा.”

साहेब असं म्हणाले आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. त्यांचं बोलणं मी एखादवेळी विसरेन. माझं हसणं मला विसरता येत नाही.

झालं होतं असं. प्रशिक्षणाचा पहिला दिवस होता. पुण्याहून आलेल्या मॅडमनी पांढऱ्या फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, तिला तिरप्या रेघा जोडल्या आणि टोकाला तिकोनी डोकं काढलं. म्हणाल्या, ह्याला फिशबोन म्हणतात. डोक्यात अडचण लिहायची, काट्यांवर तिची कारणं. कारखान्यात काही बिघडलं की असं मांडायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. मी मान वाकडी करून ते चित्र बघत होते. पॅकिंग विभागाच्या साहेबांनी तेवढं बघितलं आणि त्यांना विनोद सुचला.

आम्ही ढिवर. बाप तलावात जाळं टाकतो, आई गडचांदूरच्या बाजारात मासे विकते. त्या मासोळ्यांवर मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात मी प्रयोगशाळेत नमुने तपासते. तपासत होते. ठेकेदाराकडून, सहा वर्षं. सिमेंट किती बारीक, किती गरम, पोत्याचं वजन किती, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं आणि खाली सही करायची. सही माझी, खुर्ची मात्र दुसऱ्याची. कायम नोकरीवाले आले की मी उठायचे.

त्या प्रशिक्षणाला माझं नाव आलं ते ‘खालच्या स्तरावरचा एक सदस्य हवा’ म्हणून. तीन महिने, दर शनिवारी वर्ग. शेवटी एक प्रकल्प करायचा आणि मोठ्या साहेबांपुढे मांडायचा. ज्याला सर्टिफिकेट मिळेल त्याचा कायम करण्यासाठी विचार होईल, असं सांगितलं होतं. आईनं हे ऐकलं आणि बाजारातल्या अर्ध्या बायांना सांगून टाकलं.

मॅडम त्या हसण्यात हसल्या नाहीत. हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी खडसावून सांगितलं, “ह्या खोलीत कुणी साहेब नाही, कुणी कामगार नाही. इथे फक्त प्रश्न मोठा.” मग भिंतीवर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात लिहिलेलं: प्रक्रिया चुकते, माणूस चुकत नाही. आणि जेवायच्या सुट्टीत स्वतःची खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी मुद्दाम वांग्याची भाजी आणली होती. “मासे का नाही आणलेस?” त्यांनी विचारलं. पुढच्या शनिवारी मी वाळल्या झिंग्याची चटणी नेली. त्यांनी माझ्या डब्यात हात घालून खाल्ली, बोटं चाटली. सहा वर्षांत त्या कारखान्यात माझ्या डब्यात कुणी हात घातला नव्हता. त्या दिवशी त्या बाईनं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी मारली असती.

आमच्या गटाला अडचण मिळाली ती फाटणाऱ्या पोत्यांची. पॅकिंगमध्ये सिमेंट भरलेली पोती पट्ट्यावरून ट्रककडे जातात आणि काही वाटेतच फुटतात. कधी दोन-चार, कधी रांगच्या रांग. कारण कुणाला कळत नव्हतं. मॅडमनी शिकवलं, पाच वेळा ‘का’ विचारा, पाचव्याला मूळ हाती लागतं. आमच्या तोंडून ‘का’ येईना, ‘काऊन’च येई. साहेब नाक मुरडायचे. मॅडम म्हणायच्या, विचारा ना काऊन, काय बिघडलं!

त्याचं उत्तर मला हॉलमध्ये नाही सापडलं. ते सुमनबाईकडे होतं.

सुमनबाई चार वर्षांपासून पॅकिंगमध्ये झाडू मारायची. पन्नाशीची गोंड बाई, पहाडावरच्या गावची. सांडलेलं सिमेंट गोळा करायचं आणि फुटलेली पोती उचलायची, हे तिचं काम. तिथे एक जुनी रीत होती. कागदावर कुठे नाही, पण सगळ्यांना माहीत. फाटकी चुंगडी, म्हणजे पोती, झाडूवाल्या बायांची. महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी त्या घडी घालून न्यायच्या, गेटवरचा गार्ड वरवर बघायचा आणि सोडायचा. सुमनबाई ती चुंगडी उसवून, धुऊन, अंगणात अंथरायची आणि त्यावर मोहफुलं वाळवायची. गावातल्या बायांनाही द्यायची.

एकदा मी बघितलं, ती दोन वेगळे गठ्ठे बांधत होती. एकाला एक गाठ, दुसऱ्याला दोन.

“हे दोन गठ्ठे काऊन वो बाई?”

“हे दोन गाठीचं बेकार हाय. याच्यावर मोह टिकत नाई, म्हणून घरी येगळं ठेवतो. धागा लिचपिच झाला ना. सिमेंट गरम येते त्या दिवसाचं हाय हे.”

“गरम आहे हे तुले कसं कळते?”

“माह्या पायाले विचार ना.” तिनं चप्पल काढून तळवा दाखवला. मी तो नीट बघितला नाही. माझं लक्ष गठ्ठ्याकडे गेलं होतं.

पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरलं त्याचा छापा असतो. मी दोन गाठींच्या गठ्ठ्यातले छापे वाचले आणि धावत प्रयोगशाळेत गेले. रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं तापमान. दोन गाठींचा प्रत्येक आठवडा गरम सिमेंटचा निघाला, एक गाठीचा एकही नाही. जिला वाचता येत नाही त्या बाईनं चार वर्षं गाठी मारून सगळी तपासणी करून ठेवली होती. मला आनंदानं रडू आलं. खरंच आलं.

मी सुमनबाईकडे तिच्या घरी ठेवलेले तीन गठ्ठे मागितले. ती आधी नाही म्हणाली. “साहेब लोकाईले आपलं घर दाखवू नोको पोरी.” मी म्हटलं, बाई, ह्या मॅडम तशा नाहीत. मी शब्द दिला. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि गठ्ठे आणून दिले.

शनिवारी मी ते हॉलमधल्या टेबलावर ठेवले, मोबाईलनं फोटो काढून मॅडमना पाठवला आणि फळ्यावर लिहायला लागले. पोतं काऊन फाटते? धागा नरम होतो म्हणून. धागा काऊन नरम होतो? सिमेंट गरम भरतात म्हणून. गरम काऊन भरतात? गिरणीतून आलेलं सिमेंट सायलोत, म्हणजे कोठीत, थंड होऊ देत नाहीत म्हणून. काऊन होऊ देत नाहीत? महिनाअखेरीस गाड्या भराभर सोडायच्या असतात म्हणून.

पाचवं काऊन लिहायला मी खडू, नव्हे पेन, उचललं. थंड न झालेल्या सायलोतून सिमेंट काढायचा हुकूम कोण देतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते, पॅकिंगचे साहेब, पहिल्या रांगेत मोबाईल बघत होते.

मॅडम म्हणाल्या, “फार सुंदर काम. पाचवं पुढच्या वेळी घेऊ.” आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या शनिवारी मोठ्या साहेबांपुढे सादरीकरण होतं. सकाळी बसमधून उतरले तर सुमनबाई गेटबाहेर निंबाखाली बसलेली. तिचा गेटपास गार्डनं काढून घेतला होता. चार वर्षं चुंगडी सोडणारा तोच गार्ड, माझ्याकडे न बघता म्हणाला, “वरून आलं बाई. मले काऊन विचारता?”

सुमनबाईनं मला बघितलं. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, “काऊन दाखवलंस वो?”

मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, थांब, आत विचारून येते.

आत पडदा लावला होता. तालमीसाठी स्लाइड चालू होती. त्यावर सुमनबाईच्या तीन गठ्ठ्यांचा फोटो. मीच काढलेला. वर लिहिलं होतं: मूळ कारण, सफाई कामगारांकडून पोत्यांची जाणूनबुजून फाडाफाड व चोरी. उपाय, संबंधितांना कामावरून कमी करणे, गेटवर झडती. खाली बारीक अक्षरात: माहिती संकलन. आणि पुढे माझं नाव.

आमच्याकडे म्हणतात, केसानं गळा कापला. मला वाटायचं, म्हणायची पद्धत आहे. त्या दिवशी खरंच गळ्याला हात गेला.

मॅडम कॉरिडॉरमध्ये होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. चटणी खाताना होता तोच हात. “हे बघ, रिपोर्ट कंपनीनं स्वीकारला पाहिजे ना. पुढचं वर्षभराचं प्रशिक्षण त्यांनी आम्हालाच दिलंय. तुझं नाव मी पहिलं लावलंय. तू कायम होशील. मी हे तुझ्यासाठीच केलं.”

“आणि सुमनबाई?”

“तिला दुसरीकडे मिळेल काम. व्यवहार बघ थोडा.”

“मॅडम, माणूस चुकत नाही म्हणाल्या होत्या तुम्ही.”

त्या माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिल्या. तो कागद अजून चिकटलेला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि सुळीवर चढवायला संन्याशाचीच सोबतीण वापरायची. ही ह्यांची सुधारणा. साहेब निदान तोंडावर बोलले होते. ह्या बाईनं माझ्या डब्यातलं खाऊन केलं. मला कशाचा राग जास्त आला असेल तर ह्याचा.

मोठे साहेब आले. माझं नाव पुकारलं. माईक हातात दिला. समोर सर्टिफिकेटची फ्रेम, फुलांचा गुच्छ. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, वाचून टाक. चार ओळी तर आहेत. मग कायम. मग खुर्ची. मग साहेब आले तरी उठायचं नाही.

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी वाचायला पडद्याकडे बघितलं, तिथे सुमनबाईचा फोटो नव्हता, तिचे गठ्ठे होते. एकाला एक गाठ, बाकी दोहोंना दोन. फोटोत गाठी स्वच्छ दिसत होत्या. त्या हॉलमध्ये फक्त मला वाचता येणारं ते लिखाण होतं.

मी म्हटलं, “हे खोटं आहे. हे गठ्ठे मी आणले. सुमनबाईनं पोती फाडली नाहीत. गरम सिमेंटनं फाटली. प्रयोगशाळेतलं रजिस्टर मागवा, सही माझी आहे. आणि एक काऊन विचारायचं राहिलं होतं. थंड न झालेल्या सायलोतून सिमेंट काढायचा हुकूम कोण देते, आणि काऊन देते?”

पॅकिंगचे साहेब उभे राहिले. “ए, बस खाली.”

“नाही बसत.”

एवढंच बोलले. आवाज फाटला असेल. पण मी हसले नाही. कुणी तरी माईक बंद केला. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं, चहा सांगितला. मॅडम मान खाली घालून लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या. सर्टिफिकेटची फ्रेम टेबलावरच राहिली. संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको.

आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी मी पहाडावर सुमनबाईच्या गावी गेले. मोहाचे दिवस होते. ती अंगणात चुंगडीवर फुलं पसरवत होती. मी जोहार केला. तिनं मान हलवली, बस म्हणाली नाही.

मी सगळं सांगितलं. हॉल, फोटो, माईक. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंस पोरी. ती फुलं पसरवत राहिली. शेवटी म्हणाली, “तू उभी राह्यलीस, ते ठीक केलंस. पण माह्या घरचे गठ्ठे तू नेले होते.”

तिनं तळवा नीट दाखवला होता आणि मी गठ्ठ्याकडे बघितलं होतं. मॅडमकडून मी तेवढं मात्र चांगलं शिकले होते.

निघताना मी म्हटलं, चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात अर्ज करायचा आहे. तुझा आणि माझा. तुझा अंगठा लागेल. ती आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या डोक्यावर गठ्ठे होते, चार वर्षांचे, दोन-दोन गाठींचे. माझ्यापुढे आपटले. धूळ उडाली.

“घेऊन जा म्हणत नाई मी,” ती म्हणाली. “मी येतो तुह्यासंग. आता माहे गठ्ठे मीच दाखवतो.”

अर्ज दिला आहे. तारीख पडली आहे. त्या दिवशी आम्ही दोघी बसनं चंद्रपूरला जाणार, गठ्ठे डोक्यावर घेऊन. सुमनबाईनं मला माफ केलेलं नाही आणि मी माफी मागतही नाही. रजिस्टर कारखान्यानं लपवलं तर लपवो, गाठी त्यांना सोडवता येणार नाहीत. तिथल्या साहेबानं बसा म्हटलं तर आधी सुमनबाई बसेल. ती बोलेल, मी लिहीन, तिच्या शब्दात, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आणि पाचवं काऊन मी विचारेन. त्याच्या उत्तरात ज्याचं नाव येतं ते कागदावर चढेपर्यंत मी त्या खुर्चीसमोरून हलणार नाही.