पतंग धरायला कोण?

माणसाला ओढून नेईल एवढा मोठा पतंग, पॉवर काइट, मी नेदरलँड्समधल्या एकाकडून जुनाच घेतला होता. आता तो विकतोय. पोर्तुगालच्या एकाला हवाय, पण आधी उडतानाचा व्हिडिओ पाहिजे म्हणाला.

आज सकाळी मच्छे गावापुढच्या माळावर गेलो. मोबाईल गाडीवर टेकवला. एकानं दोऱ्या ओढायच्या आणि दुसऱ्यानं पतंग उभा धरायचा, अशी माझी सवय. मोठा भाऊ अण्णा पुण्याला गेल्यापासून दुसरं कोणी नाही. शेळ्या चारणाऱ्या एका आक्कांना सगळं सांगून विनवलं.

“मला घिऊन उडंल की रं हे!”

“मी म्हटलं की सोडा, आक्का.”

त्यांनी सोडला. पतंग सरळ वर गेला. त्या मोठ्यानं हसल्या.

“रोज कोण धरतंय?”

“कोण न्हाय.”

“म्हणून इकतोस व्हय?”

मी पतंग उतरवला आणि दोऱ्या गुंडाळायला लागलो.

व्हिडिओ पाठवला. आक्कांचं हसू त्यात आलंय. दुपारी पोर्तुगालहून विचारणा आली: इतका चांगला पतंग, मग का विकताय?

घेताना मीही हेच विचारलं होतं. “आता लागत नाही,” एवढंच त्या डच माणसानं लिहिलं होतं. मला ते तेव्हा पुरलं होतं.

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?