डॉक्टरीणबाईची सात माणसं

शेवटच्या संध्याकाळी तिनं माझ्या गुडघ्याला तेल चोळलं आणि शिव्या घातल्या. मला नाही, दुखण्याला. "फुकट खाऊन बसलंयस. ऊठ, चालतं हो." मी म्हटलं, जरा हळू. ती म्हणाली, "तुम्हाला कोण बोलतंय?" मग चहा झाला. रोजचंच होतं.

माझ्या बायकोला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. शाळा माझ्याइतकीच, दुसरीपर्यंत. इकडं आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत मुलाच्या फ्लॅटवर आलो आणि महिन्याभरात बिल्डिंगमधल्या बायका डोकं धरून तिच्याकडं यायला लागल्या. ती कपाळावर तळवा ठेवायची, पुटपुटायची, फुंकर मारायची आणि दुखण्याला हाकलायची. कुणी थँक्यू म्हटलं की चिडायची. "असं म्हणू नको, परत येतं ते."

आम्ही हल्याळकडचे सिद्दी. आमची माणसं आफ्रिकेतून जहाजात घालून गोव्यात आणून विकली. त्यातली काही पळून जंगलात शिरली. तिथं औषध कुठलं? हात होता. तो हात हिला आजीकडून आला.

रविवारी मुलगा आम्हाला प्रार्थनेच्या हॉलवर न्यायचा. पास्टर घानाचा. पहिल्याच दिवशी तो एका आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून "आउट, आउट" ओरडायला लागला. ही माझ्या कानाशी लागली. "अहो, हा तर आमच्या आजीसारखंच करतोय. नुसता इंग्रजीत हाकलतोय."

पुढं पास्टरच तिला आजाऱ्यांजवळ उभं करायचा. एकदा त्यानं विचारलं, आमेन झाल्यावर तुमचे ओठ का हलतात? तिनं खरं ते सांगितलं. गोव्यातून पळालेल्या पहिल्या सात जणांची नावं घेते, त्याशिवाय हात लागू पडत नाही. मुलानं इंग्रजीत करून सांगितलं. पास्टर म्हणाला, "मम्मा, बरं करणारा एकच आहे. ही नावं सोडा." तिनं सोडली. तिला त्याचा राग आला नाही. मला आला, अजून आहे.

तिला काळजी वेगळीच लागली. "मी घेतली नाहीत तर ती माणसं कायमची जातील. तुम्ही पाठ करा. तुम्हाला कुणी मना केलंय?"

मी म्हटलं, माझा ह्या कशावरच विश्वास नाही.

"विश्वास कोण मागतंय? नावं धरून ठेवा."

मग रोज तेल चोळताना ती सांगायची, मी मागं म्हणायचो. जुजे, इनास, मारी, बस्त्यांव. ही चार मालकांनी ठेवलेली, सोपी. उरलेली तीन तिकडची, जहाजाच्या आधीची. ती जिभेवर बसेनात. मी कंटाळायचो. खलास, उद्या बघू. त्या शेवटच्या संध्याकाळीही तेच म्हटलं.

पहाटे ती गेली. झोपेतच. तो सगळा दिवस कागदपत्रांत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर तिच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. पास्टरनं आमेन म्हटलं तसा मी उठून उभा राहिलो. मुलानं बाही ओढली. "बाबा, इथं नको."

मी चार नावं मोठ्यानं घेतली. मग तीन राहिली. आठवून बघितली. लोक थांबले, पास्टरही थांबला. एकही आलं नाही. तरी मी लगेच खाली बसलो नाही.