सरासरी पान

हिरडा गोळा करणाऱ्या कमळामावशी आमच्या पडवीत बसून अंगठ्याने पान चोळून पाहत होत्या. "हे अंजनीचं. चामड्यागत हाय, उन्हाळ्यात गळायचं नाय. पांगारा तसा नाय, तो ऊन तापलं की पानं टाकून मोकळा." माझी भाची मुक्ता तीच पानं यंत्राने मोजून जाडी लिहून घेत होती.

गेल्या वर्षी मुक्ताने मला संगणकावर साऱ्या पृथ्वीचा नकाशा दाखवला होता. हवा अशीच तापत गेली तर कुठलं रान टिकेल, ते त्यात दिसे. आमचा डोंगर पार तपकिरी होता. पडवीतली डोंगराकडे तोंड असलेली खुर्ची मी भिंतीकडे वळवली.

चूक साधी होती. त्या नकाशामागच्या गणिताने डोंगरावरच्या सगळ्या झाडांना एकच सरासरी पान लावलं होतं. असं पान कुठल्याच झाडाला नसतं. माणसांच्या बाबतीत मीही आयुष्यभर असलीच गणितं मांडत आलो.

आज, महिन्याभराने, मुक्ताने मोजलेली खरी पानं घालून नवा नकाशा आला. कडा तपकिरीच आहेत, पण ओढ्याकाठचं अंजनीचं रान हिरवं आहे. छातीवरचा धोंडा उतरला, आणि मी मावशींना सगळं सांगून टाकलं.

"म्हून खुर्ची फिरवली व्हय?" त्या हसल्या. "मला वाटलं, भाऊंना ऊन लागतंय."

मी उठलो आणि खुर्ची डोंगराकडे वळवली. ऊन थेट तोंडावर आलं. येऊ दिलं.