थ्री नॉट थ्रीला लावलेलं कुंकू

मला बंदुका जमवायचा नाद आहे, हे आमच्या मराठी मंडळात सांगायची सोय नाही. सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या बायकोकडे काळजीने बघतो. कॅल्गरीत कुणी हॉकीची जुनी कार्डं जमवतं, कुणी बेसमेंटमध्ये वाइन साठवतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी दिवसभर ऑफिसात पाइपलाइनचे आकडे तपासणारा पापभीरू इंजिनियर, पण या नादापायी माझ्याकडे संशयाने बघितलं जातं. हा नाद चांगला आहे हे पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही. शिवाय मला जे सांगायचं आहे त्यात बंदुकीने काहीच वाईट केलेलं नाही. जे केलं ते मी केलं.

आमचा दहाबारा जणांचा गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही एका कम्युनिटी हॉलच्या बेसमेंटमध्ये जमतो. ज्याने नवं काही घेतलं असेल त्याने ते आणायचं, हिरवं कापड अंथरलेल्या टेबलावर ठेवायचं आणि ते कुठून कसं हाती आलं ते सांगायचं. कुणी शिकारीसाठी घेतलेली नवीकोरी, पिसासारखी हलकी रायफल आणतो आणि तिच्या दुर्बिणीचं कौतुक करत बसतो. कुणी शंभर वर्षांपूर्वीची दुनळी आणतो, तिच्या बाजूला तितर कोरलेले असतात. बघायची रीत मात्र कडक आहे. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. उचलली की आधी उघडून रिकामी आहे याची खात्री करायची, शेजारच्याने आत्ताच केलेली असली तरी. आणि धरायची ती लाकडाला. लोखंडाला बोटं लावायची नाहीत, कारण बोटांच्या घामानेसुद्धा गंज चढतो.

ही रीत मला पहिल्या दिवशी शिकवली ती गटातल्या सर्वांत वयस्कर सभासदाने. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबाबा म्हणतो. गव्हाची शेती मुलाच्या हवाली करून ते शहरात राहायला आलेले. बोलणं कमी, कान थोडे जड, डोक्यावर बारा महिने टोपी. गेल्या सप्टेंबरात त्यांनी टेबलावर जी रायफल ठेवली ती बघून सगळे खुर्च्या सोडून पुढे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथेच कॅनडात बनलेली थ्री नॉट थ्री, आणि ती कधी वापरलीच गेली नव्हती. ग्रीसमध्ये बुडवून पेटीत ठेवलेली, ती तशीच राहून गेली होती. लोखंडाची निळसर काळी झिलई जशीच्या तशी, लाकडावर एक ओरखडा नाही. म्हातारबाबांचे वडील अशीच रायफल घेऊन युद्धावर गेले होते. वडील घरी परत आले, रायफल सरकारजमा झाली. अशी कोरी एखादी मिळावी म्हणून म्हातारबाबा निम्मं आयुष्य शोधत होते.

योगायोग असा, की त्याच दिवशी मीही थ्री नॉट थ्रीच घेऊन गेलो होतो. माझी भारतात बनलेली, कुठे कुठे फिरून इथल्या एका दुकानात येऊन पडलेली. लाकडी दस्त्याला टवके गेलेले, झिलई उडालेली, पट्ट्याची कडी वाकडी. मी ती घेतली कारण माझे बाबा नागपूरला पोलिसात हवालदार होते आणि त्यांच्या खांद्यावर मी लहानपणी हीच बघितली होती. हे मी सांगितलं तेव्हा म्हातारबाबांनी दोन्ही रायफली शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुझा फोटोग्राफीचा हात चांगला आहे. माझी घेऊन जा. दोघींचे मिळून फोटो काढ, पुढच्या वेळी परत आण." त्यांनी ती स्वतःच्या मुलालाही हाताळू दिली नव्हती.

त्या दिवसांत आई आमच्याकडे आली होती. बाबा गेल्यानंतर तिची ही पहिलीच खेप. मी दोन्ही रायफली टेबलावर मांडून फोटो काढत होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. "हे तं त्यायच्यासारखीच आहे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग तिला पोलीस लाइनीतली खंडेनवमी आठवली. ठाण्यातली सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडायचे, फुलं वाहायचे, आणि बाबा घरी यायचे ते कुंकवाने लाल झालेलं बोट आणि पेढ्याचा पुडा घेऊन. चार दिवसांवर खंडेनवमी आली होती. या वर्षी आपल्या घरी शस्त्रांची पूजा करायची असं तिने ठरवून टाकलं, आणि मलाही ते फार आवडलं.

पूजेच्या दिवशी मी पाटावर माझी रायफल ठेवली, बाजूला बायकोचा लॅपटॉप, सुऱ्या आणि हातोडी. म्हातारबाबांची घरातल्या बंदुकांच्या लॉकरमध्येच होती. आईने विचारलं, "दुसरी कुठं आहे?"

"ती आपली नाही, आई."

"मंग? एकीले कुंकू अन् दुसरीले नाही, असं कसं रे? पाहुणी आहे नं घरात."

हसत हसत मी तीही आणून ठेवली. बायको म्हणाली, "आई, कुंकू तुम्हीच लावा ना. इट्स टोटली फाइन, हल्ली कोणी असलं काही मानत नाही."

"तुमी नका मानू. मले नाही जमत," असं म्हणून आई दोन पावलं मागे सरली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बाबा गेल्यापासून तिने कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नाही. हळदीकुंकवाला बायका घरी आल्या तरी ती आतल्या खोलीत बसते. आम्ही समजावून थकलो, पण तिचं ती पाळते.

म्हणून कुंकू मी लावलं. हळद आणि कुंकू पाण्यात कालवून, चांगलं दाट. आईचे डोळे भरून आलेले बघून मी रंगातच आलो. दोघींच्या लोखंडावर एकेक आणि दस्त्यावर एकेक बोट ओढलं, वर कुंडीतलं झेंडूचं एकेक फूल नळी आणि लाकडाच्या फटीत खोचलं. लोखंडाला बोट लावायचं नाही, हे शिकवणाऱ्या माणसाचीच रायफल ती. त्या क्षणी मला एवढंही आठवलं नाही. आई दारातून म्हणाली, "उद्या दसरा झाला का कोरड्या फडक्यानं पुसून ठेवजो बरं." मी हो म्हणालो.

पूजा मोडायची नाही आणि रायफल रात्रभर उघड्यावरही ठेवायची नाही, म्हणून मी दोन्ही तशाच, फुलांसकट, लॉकरमध्ये बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवरून फोन आला आणि मला उत्तरेला जावं लागलं. आठवडाभर तिकडेच अडकलो. मधे एकदा आईचा फोन आला, "पुसलं का रे ते?" लॉकरची किल्ली माझ्याच खिशात होती. मी मीटिंगमध्ये होतो, वैतागलो होतो. "हो गं, पुसलं," म्हणून मी फोन ठेवून दिला.

परत आलो तो गटाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी. लॉकर उघडला आणि दोन्ही रायफली बाहेर काढल्या. माझ्या रायफलीचं काही बिघडलं नव्हतं, तिच्या अंगावर असल्या खुणा शेकड्याने होत्या. म्हातारबाबांच्या दस्त्यावरची हळद मात्र लाकडात मुरून पिवळा डाग झाली होती. फूल सडून चिकटलं होतं, त्याच्याखाली आणि कुंकवाच्या बोटाखाली गंज धरला होता. मी तेल लावून घासलं. गंज गेला, पण त्याच्याबरोबर झिलईही गेली आणि तिथे राखाडी चट्टे उमटले. जितकं घासलं तितकं वाढलं, तेव्हा मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो, कारण तिला माझे "दोस्त" बघायचे होते. आणि हेही सांगून टाकतो, ती सोबत असली तर मला कुणी फार बोलणार नाही असंही कुठेतरी वाटलं असावं. तिला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. कुणीतरी तिला कॉफी दिली. म्हातारबाबांनी आपली रायफल खोळीतून काढली, टेबलावर ठेवली आणि चष्मा वर सरकवला.

"काय झालं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. आवाजात राग नव्हता. मी आयुष्यात जे काही बोललो आहे त्यात यापुढचं मला सर्वांत नकोसं वाटतं.

"माय मदर," मी म्हणालो. "आमचा सण होता. तिने पूजा केली, एक लाल पावडर असते ती लावली. तिला कल्पना नव्हती." आणि पावडर कशी लावतात ते दाखवायला मी स्वतःच्या कपाळाकडे बोट नेलं.

सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. कुणीतरी "ओह, ब्लेस हर" म्हणालं. आईकडे बघून दोघेतिघे हसले, अगदी मायेने. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं, आणि मी खोटं बोललो त्याहून या हायसं वाटण्याची मला जास्त लाज वाटते.

आईला इंग्रजी येत नाही. पण "मदर" तिला कळतं, टेबलावरची रायफल तिला दिसत होती, आणि माझं कपाळाकडे गेलेलं बोटही तिने बघितलं. तिने कॉफीचा कप खाली ठेवला. अंगातलं जाड जॅकेट सावरत ती उठली, म्हातारबाबांसमोर गेली, हात जोडले आणि म्हणाली, "सॉरी."

मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. बोललो नाही.

म्हातारबाबा उठून उभे राहिले, टोपी काढली. मला म्हणाले, "तिला सांग, शेवटी रायफलच आहे ती. मुलाला भेटायला इतक्या लांब आली, हे महत्त्वाचं." मी आईला म्हणालो, "काही हरकत नाही म्हणतात." ते हसत होते, पण त्यांचा अंगठा सारखा त्या राखाडी चट्ट्यावरून फिरत होता. लोखंडाला हात लावू नये हे त्या दिवशी तेही विसरले.

परतताना गाडीत आई बाहेर बघत होती. रस्त्याकडेला मोसमातल्या पहिल्या बर्फाचे मळकट ढीग होते. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मी कुंकू लावलं म्हून सांगतलं नं तू?"

मी हो म्हणालो. खोटं बोलायला आता जागाच नव्हती.

"सांगतलं तं सांगतलं. त्यायले काय माईत, मी लावत नाही म्हून," ती म्हणाली. थोड्या वेळाने, तितक्याच सहज, "तुले तं माईत होतं."

त्यानंतर ती यावर एक शब्दही बोलली नाही. माझ्यावर रुसली नाही, अबोला धरला नाही. रोज माझ्या डब्यात पोळ्या भरून दिल्या, नातवंडांना गोष्टी सांगितल्या, आणि थंडी वाढायच्या आत नागपूरला परत गेली. विमानतळावर मी तिच्या पाया पडलो तेव्हा तिने नेहमीसारखाच डोक्यावरून हात फिरवला. मी त्या वेळी बोलणार होतो, पण रांग पुढे सरकली.

त्यानंतरच्या गटाच्या बैठकीत मी म्हातारबाबांना सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. कुंकू मी लावलं, आईने पुसून ठेव म्हणून बजावलं होतं, मी विसरलो, आणि विधवा झाल्यापासून ती कुंकवाला हातही लावत नाही. ते कानावर हात ठेवून नीट ऐकत होते. रायफल तशीच ठेवायची त्यांनी ठरवलं होतं, दुरुस्त केली तर ती कोरी राहत नाही म्हणून. ऐकून झाल्यावर ते माझा खांदा थोपटून म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. माझं काही नाही. तुझ्या आईशी बोललास ना?"

त्याच रविवारी मी आईला फोन केला. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेतेस ना, हे सगळं विचारून झाल्यावर म्हणालो, "आई, मी त्यांना खरं सांगितलं. कुंकू मी लावलं होतं म्हणून."

मग तिने विचारलं, "मंग? माफ केलं त्यायनं तुले?"

"हो, केलं."

"झालं तं मंग," ती म्हणाली, आणि मुलांना फोन दे म्हणाली.

मी फोन मुलांना दिला. ती मोठ्या आनंदाने त्यांच्याशी बोलत होती, मी शेजारी बसून ऐकत होतो. आणि तू, आई, तू केलंस का माफ, हे मी विचारलं नाही. त्यानंतर कितीतरी रविवार गेले, आमचा फोन चुकलेला नाही. मी अजून विचारलेलं नाही.